भाव आम्हीच चढवत होतो

शेअरच्या टिपा देणाऱ्या ग्रुपवरचा पहिला निरोप होता, ‘घेऊ नका, नुसतं बघा.’ मी तीन आठवडे बघत राहिलो. सांगितलेला शेअर दोन-तीन दिवसांत चढायचाच. वाटलं, टिपा देणाऱ्या या पठ्ठ्याकडे आतली बातमी आहे.

बातमी-बितमी काही नव्हती. शेअर मुद्दाम असे निवडलेले, की दिवसभरात जेमतेम सौदे व्हायचे. विकणारे मोजके असताना शे-दोनशे जण एकदम घ्यायला धावले, की समोरचा स्वस्त माल मिनिटभरात संपतो आणि पुढचा सौदा वरच्या भावाला होतो. टीप खरी ठरत नव्हती, आम्ही ती खरी करत होतो. आम्हाला विकत होता तो, ज्यानं आधीच स्वस्तात भरून ठेवलं होतं.

चौथ्या टिपेला मी शिरलो. पाच दिवसांत 18 टक्के वर. मग बचतीतला मोठा हिस्सा ओतला. पुढच्याच आठवड्यात भाव घसरायला लागला. ग्रुपवर निरोप: ‘कच्च्या लोकांना बाहेर काढतायत, धरून बसा.’ मी धरलं, वर ॲव्हरेज केलं, म्हणजे सरासरी भाव खाली यावा म्हणून पडत्या भावात आणखी घेतले. त्यासाठी नफ्यातले दोन चांगले शेअर विकले, हे सांगताना आजही लाज वाटते.

नंतर रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला टेकलेला. स्क्रीनवर खरेदीच्या पाचही ओळींत शून्य, विक्रीला लाखभर शेअर रांगेत, त्यात शेवटी कुठेतरी माझी ऑर्डर. मधे एक दिवस घेणारे आले होते. तेव्हा 40 टक्के तोटा घेऊन सुटलो असतो. पण ‘घेतल्या भावाला आला की काढतो’ म्हणत बसलो. तो भाव फक्त माझ्या डोक्यात होता, बाजाराला त्याचं काय! शेवटी 60 टक्के गमावून निघालो. तिथून मुद्दल परत यायला शेअर 150 टक्के चढावा लागला असता. ग्रुप तोवर गायब झाला होता.

नफ्यातले विकायचे आणि तोट्यातले कवटाळायचे, या खोडीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 सालीच लिहून ठेवलंय. मी ते सगळं झाल्यावर वाचलं.

आता कुणी टीप दिली की भावाआधी मागच्या सहा महिन्यांच्या व्हॉल्यूमचा, म्हणजे रोज किती शेअरांचे सौदे झाले त्याचा, आलेख उघडा. पाच महिने सामसूम आणि गेल्या पंधरवड्यात अचानक उंच खांब दिसले, तर ते माझ्यासारख्यांच्या पैशांचे असण्याची शक्यता मोठी आहे.