टुंड्रा, एफ-150, सिल्व्हराडो की रॅम? आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

अमेरिकेतल्या मराठी घरांत गाडीचा विषय निघाला की सल्ला तयार असतो: टोयोटा घे आणि निवांत झोप. कॅम्री, सिएना, हायलँडर यांनी तो वर्षानुवर्षं खरा करून दाखवलाय, त्यामुळे कोणी पुन्हा तपासत नाही. डॅलसजवळच्या माझ्या एका मित्राने कॅम्पर ट्रेलर आणि तो ओढायला मोठा पिकअप घ्यायचं ठरवलं. ग्रुपवर विचारल्यावर अकरा जणांपैकी नऊ जणांनी टोयोटाची टुंड्रा सांगितली. त्या नऊपैकी एकाच्याही दारात टुंड्रा नव्हती.

सल्ला वाईट नव्हता, जुना होता. ज्या टुंड्राच्या पुण्याईवर तो दिला जातो, ती 5.7 लिटर व्ही-8 वाली टुंड्रा 2021 च्या मॉडेलनंतर बंद झाली. 2022 पासून त्याच नावाने वेगळीच गाडी मिळते. पण त्याकडे नंतर येतो, कारण कंपनी ठरवण्याआधी करायचं एक काम आहे आणि ते बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात.

मित्राची गरज अशी. ट्रेलर भरल्यावर साधारण 7,000 पौंड. घरात नवरा-बायको, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात सांगलीहून येणारे आई-बाबा. वर्षातून तीन-चार लांबच्या सहली, त्यातली एक कोलोरॅडोला. बाकी दिवस शाळा, ऑफिस, किराणा. जाहिरातीत पाहिलं तर चौघींचा टोइंगचा (ट्रेलर ओढण्याचा) आकडा 11,000 पौंडांच्या पुढेच: फोर्ड एफ-150 चा 13,500, शेव्हरोले सिल्व्हराडोचा 13,300, टुंड्राचा 12,000, आणि नव्या सहा सिलिंडरच्या रॅमचा साडेअकरा हजारांच्या आसपास. मग 7,000 म्हणजे किस झाड की पत्ती!

इथेच गणित फसतं. तो आकडा त्या मॉडेलच्या एखाद्या ठरावीक इंजिन-अ‍ॅक्सलच्या जोडीचा असतो, आणि त्यात माणसं धरलेली असतात दोन, दीडशे-दीडशे पौंडांची. सासू-सासरे, मुलं, कुलर, सायकली, पुरणपोळ्यांचा डबा यांचा हिशेब त्यात नाही. कुटुंबवाल्या माणसाला अडवतो तो दुसराच आकडा, पेलोड. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळी पट्टी असलेला स्टिकर दिसतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. हा आकडा त्या एकाच गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे.

आता त्यातून वजा करत जा. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, गोळ्यावर खाली दाबतो, त्याला टंग वेट म्हणतात. 7,000 पौंडांचा ट्रेलर असेल तर 900 पौंड धरून चाला. वजन पुढच्या चाकांकडे ढकलणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच हवाच, तो स्वतः 80 पौंडांचा. सहा माणसं मिळून 700. झाले 1,680. अजून कुलर चढलेला नाही. आणि चकाचक, काचेचं छत आणि 22 इंची चाकं असलेल्या वरच्या ट्रिमच्या (महागड्या आवृत्तीच्या) गाड्यांवर मी स्वतः 1,300 च्या आतबाहेरचे स्टिकर पाहिलेत. जितकी गाडी महाग, तितका स्टिकर खाली, कारण ती सगळी मिजास गाडीच्याच अंगावर बसते.

मित्राने विचारलं, मग टंग वेट कमी करू की. जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकू. मी उत्तर देण्याआधी त्याचे बाबा म्हणाले, "अरे, गाडी उलाळ होईल." काकांचं बालपण बैलगाडीत गेलेलं. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरचं तसंच आहे, फक्त इथे फासाऐवजी शेपूट हलायला लागतं, आणि 65 मैलांच्या वेगात अ‍ॅमरिलोच्या आडव्या वाऱ्यात ते एकदा हलायला लागलं की थांबवणं अवघड. टंग वेट कमी करायचं नाही, ते पेलणारी गाडी घ्यायची. ट्रेलर विकणाऱ्या दुकानातला माणूस मात्र मित्राला सांगत होता, "कुठलाही हाफ-टन ओढेल," म्हणजे या चौघींच्या वर्गातली कुठलीही गाडी. ओढेल हो, ओढण्याचा प्रश्नच नाही.

या एका कसोटीवर एफ-150 पुढे निघते. 2015 पासून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे मधल्या ट्रिममध्ये, क्रू कॅबमध्येही (चार दारांची मोठी केबिन) चांगले स्टिकर शोधले की सापडतात. सिल्व्हराडो मागोमाग. टुंड्रा मध्यम, हायब्रिड घेतली की आणखी खाली. रॅम सगळ्यात नाजूक. 2009 पासून रॅमच्या मागच्या चाकांना लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत आणि त्यामुळेच ती रिकामी असताना इतकी मऊ चालते. टुंड्रानेही 2022 पासून तेच केलं. रोजच्या रस्त्यावर त्याचं सुख मिळतं, पण ट्रेलर जोडला की रॅमची पाठ लवकर वाकते.

आता विश्वासार्हता. इथे कंपनीचं नाव विसरा आणि इंजिनाचं नाव विचारा, कारण चारही घरांत एक तरी कुलदीपक आणि एक तरी उपद्व्यापी पोर आहे.

टुंड्राचं नवं 3.4 लिटर ट्विन-टर्बो व्ही-6 जोरदार आहे: 389 अश्वशक्ती, 479 पौंड-फूट टॉर्क. पण 2024 च्या मे महिन्यात टोयोटाने सुमारे 1 लाख गाड्या परत बोलावल्या. इंजिन बनवताना मशीनिंगचा कचरा आत राहिला होता आणि बेअरिंगं जाऊन इंजिन चालता चालता बंद पडू शकत होतं. 2025 च्या नोव्हेंबरात आणखी सव्वा लाखाच्या आसपास गाड्या त्यात आल्या, 2024 च्या मॉडेलपर्यंतच्या. हायब्रिड टुंड्रा या यादीत नव्हती, कारण इंजिन गेलं तरी मोटर गाडीला बाजूला न्यायला पुरते. तिचं इंजिन मूळचं तेच. टोयोटाने इंजिनं बदलून दिली, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. पण "निवांत झोप" हे वाक्य मी या टुंड्राबद्दल आणखी काही वर्षं तरी उच्चारणार नाही.

सिल्व्हराडोत (आणि तिची सख्खी बहीण जीएमसी सिएरा, आतून तीच गाडी) इंजिनाचे तीन चेहरे बघण्यासारखे आहेत. 6.2 लिटर व्ही-8 सगळ्यांना आवडतं आणि तेच टाळायचं: 2025 च्या एप्रिलमध्ये हे इंजिन असलेल्या 2021 ते 2024 च्या गाड्यांचा रिकॉल (परत बोलावणं) निघाला, एकट्या अमेरिकेत सुमारे 6 लाख. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधले दोष. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना जाड ऑइल, नापास झालेल्यांना दुरुस्ती किंवा नवं इंजिन. 5.3 लिटर व्ही-8 जुनं, सोपं, स्वस्तात दुरुस्त होणारं. पण पेट्रोल वाचवायला सिलिंडर बंद-चालू करणारी यंत्रणा त्यातही आहे आणि व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर निकामी होण्याच्या तक्रारी तिच्याच माथी आहेत. तिसरं 3.0 लिटर ड्युरामॅक्स डिझेल. 2023 पासूनच्या आवृत्तीला 495 पौंड-फूट टॉर्क, घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक, रिकाम्या गाडीला हायवेवर भरघोस मायलेज. महिन्यातून दोनदा लांब ओढणाऱ्याला मी डोळे झाकून हे सांगेन. मित्रासारख्या शाळा-ऑफिसच्या दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांवर मात्र डिझेलचा काजळी फिल्टर कुरकुरतो.

रॅमचं जुनं 5.7 लिटर हेमी व्ही-8 2025 च्या मॉडेलमधून काढलं, गिऱ्हाइकांनी ओरड केली, आणि 2026 ला ते परत आलं. कंपनीने असा यू-टर्न घेतलेला क्वचित दिसतो. हेमीला थंडीत टकटक करणारे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे) तुटलेले बोल्ट हे ठाऊक असलेलं दुखणं आहे. नवं 3.0 लिटर ट्विन-टर्बो सहा सिलिंडर गुळगुळीत आहे, पण त्याचं वय अजून लहान. 2026 पासून रॅम इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी देते, हे पारड्यात टाकण्यासारखं.

एफ-150 धुतल्या तांदळासारखी आहे असं समजू नका. 2017 ते 2020 च्या 3.5 लिटर इकोबूस्टमध्ये (फोर्डचं टर्बो इंजिन) थंड इंजिन सुरू करताना कॅम फेझरची (व्हॉल्व्हची वेळ साधणाऱ्या भागाची) खडखड, 2021-22 च्या काही 2.7 लिटर इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह तुटण्याचा रिकॉल, आणि 10 गिअरच्या ऑटोमॅटिकच्या झटक्यांबद्दल तर इतकं बोललं गेलंय की टेस्ट ड्राइव्हला गाडी चांगली तापेपर्यंत चालवल्याशिवाय सही करू नका. सगळ्यात साधं इंजिन 5.0 व्ही-8: टर्बो नाही, 400 अश्वशक्ती, 410 टॉर्क. उणीव उंचीवर कळते. विनाटर्बो इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोच्या वाटेवरचा रॅटन पास 7,834 फुटांवर आहे, म्हणजे पाव ताकद तिथे हवेत विरते. 3.5 इकोबूस्टला हा घाट जाणवतही नाही. हायब्रिडचं वेगळंच आकर्षण: तिच्या जनरेटरमधून 7.2 किलोवॅटपर्यंत वीज मिळते. 2021 च्या फेब्रुवारीतल्या गोठलेल्या टेक्सासात काही जणांनी पिकअपवर घर चालवलं होतं. टेक्सासकरांना हे पटवावं लागत नाही.

घरच्यांच्या दृष्टीने पाहिलं तर क्रम उलटतो. मागच्या सीटवर पायांना जागा रॅममध्ये 45.2 इंच, एफ-150 मध्ये 43.6, सिल्व्हराडोत 43.4, टुंड्राच्या क्रूमॅक्समध्ये (टोयोटाची क्रू कॅब) 41.6. मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट असेल तर हे इंच मोजून घ्या; मुलं मोठी असतील तर चारही पुरतात. चढायला आई-बाबांना त्रास होतो. रॅमचं एअर सस्पेन्शन गाडीला खाली बसवतं, गुडघे दुखणाऱ्यांना ते आवडेल. नाहीतर साध्या पायऱ्या लावून घ्या. टुंड्रा हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखालची सगळी जागा खाते, एफ-150 हायब्रिडची खात नाही. सहा जण बसवायचे तर पुढे बाकडं हवं, आणि ते मिळतं स्वस्त ट्रिममध्ये: एफ-150 ची एक्सएलटी, सिल्व्हराडोची एलटी, रॅमची बिग हॉर्न. आणि हो, क्रू कॅब 19 फुटांच्या पुढे लांब असते. गॅरेज टेप लावून मोजा. मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी आली, पण फ्रीज बाहेर गेला.

8,000 पौंडांच्या वरचा ट्रेलर असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा आणि एफ-250 किंवा रॅम 2500 अशी वरच्या वर्गातली गाडी बघा. ती गाडी रोज चालवायला धसमुसळी आहे, पण स्टिकरशी भांडण संपतं. कुठलीही घेतलीत तरी ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कंपनीकडूनच बसवलेला असू द्या, आणि ओढताना गॅलनला 8 ते 10 मैल धरून टाकी मोठी निवडा.

मित्राने शेवटी एफ-150 एक्सएलटी घेतली, 5.0 व्ही-8, टो पॅकेजसह. रॅटन पासवर ट्रकच्या लेनमधून 45 ने चढायची त्याची तयारी होती. डीलरच्या लॉटवर आम्ही दारं उघडून स्टिकरचे फोटो काढत फिरलो. एकाच रंगाच्या, शेजारी उभ्या दोन एक्सएलटींत दीडशे पौंडांचा फरक निघाला, कारण एकीला मोठी चाकं आणि काचेचं छत होतं. सेल्समनला ती विकायची होती. आम्ही दुसरी घेतली, तिचा स्टिकर 1,790. पहिल्या सहलीला निघताना ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं तेव्हा सहा जणांसकट ती काठावर बसत होती, सायकली टाकल्यावर बाहेर जात होती. काका काट्याची पावती बराच वेळ वाचत होते. लांबच्या प्रवासाला आता काका-काकू आणि सायकली मागून येणाऱ्या जुन्या सिएनात असतात, वहिनी चालवतात. काकांच्या मते दोन्हींत तीच गाडी बरी.