वाइल्डफ्लाय: वॉर फाइल टाका, कामाला लागा
ऐरोलीच्या ऑफिसात आठ महिने वाइल्डफ्लाय, म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर, वापरतेय. मला हा सर्व्हर मनापासून आवडतो. मेव्हन या बिल्ड टूलने ॲप पॅकेज करायचं, तयार झालेली वॉर फाइल (एका फाइलीत बांधलेलं अख्खं ॲप) डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये टाकायची. शेजारी ‘डिप्लॉइड’ शेपटीची छोटी फाइल आली की झालं. ‘फेल्ड’ आली तर ती उघडा, कारण आतच लिहिलेलं असतं. किती सोय!

जुनं ॲप २७ व्या आवृत्तीवर चढवलं, तेव्हा मात्र रात्रीचे साडेनऊ झाले. ‘डिप्लॉइड’ दिसतंय, आणि ॲनोटेशनवाला (कोडमध्येच @ ची खूण लावून पत्ता दिलेला) प्रत्येक सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास, ४०४ (‘पान सापडलं नाही’) देतोय. कोडमध्ये अजून जावाएक्सचे (javax या जुन्या पॅकेज-नावाचे) इम्पोर्ट होते. २७ पासून जकार्ता ईई १० (जावाच्या सर्व्हर ॲप्सचं मानक), तिथे जकार्ताचेच हवेत. ते बदलले, मेव्हनमध्ये सर्व्हलेट एपीआयचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ केला (ती जार, म्हणजे लायब्ररीची फाइल, वॉरमध्ये कोंबायची नाही, सर्व्हरकडे असतेच) आणि पुन्हा पॅकेज केलं. ठाण्याची लोकल पकडली तेव्हा लॉगिनचं पान उघडत होतं.