आईच्या रक्तातलं शिसं: आठ महिने, चार रिपोर्ट

आठ महिन्यांत आईच्या रक्तातलं शिसं चार वेळा मोजून झालंय, आता जरा हात बसलाय म्हणून लिहितोय. आम्ही इंदूरला सुदामा नगरात. आई ७१ ची. मागच्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं, म्हणजे पार वाकून बसायची, संडासला तीन-तीन दिवस नाही, गॅसच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल, हिमोग्लोबिन तेवढं ९.६. शेवटी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी साधी स्लाइड बघून लिहिलं की लाल पेशींत निळे ठिपके दिसतायत, बेसोफिलिक स्टिपलिंग. डॉक्टरांनी ते वाचून आईला विचारलं, "माताजी, कोई देसी दवाई लेती हो?" आई म्हणाली नाही. हे "नाही" लक्षात ठेवा.

असे ठिपके शिशाच्या विषबाधेत दिसू शकतात, म्हणून त्यांनी ब्लड लेड, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची टेस्ट, लिहून दिली. इथली बहुतेक कलेक्शन सेंटरं हे सॅम्पल बाहेर पाठवतात, आयसीपी-एमएस नावाच्या मशीनवर होतं, रिपोर्टला पाच दिवस. पहिलं सॅम्पल तर फुकटच गेलं, घरी आलेल्या मुलाने पिवळ्या झाकणाची ट्यूब भरली आणि दोन दिवसांनी फोन, परत द्या. मग वाचलं तेव्हा कारण कळलं, रक्तातलं साधारण ९९ टक्के शिसं लाल पेशींत बसलेलं असतं आणि पिवळ्या ट्यूबमधलं रक्त गोठू देऊन पेशी बाजूला काढतात, नुसतं वरचं सीरम तपासतात, म्हणजे चहा गाळून पावडर टाकून द्यायची आणि मग विचारायचं पावडर किती होती. याला गडद निळ्या झाकणाची ट्रेस एलिमेंट ट्यूब लागते, नाहीतर शिशासाठी चालते असं लॅबने सांगितलेली ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेली. तेव्हापासून मी फोनवर आधी झाकणाचा रंग विचारतो, मग पत्ता सांगतो.

पहिला आकडा ४७. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे ५ च्या वर गेलं की कारण शोधा आणि संपर्क थांबवा, म्हणजे आमचं नऊपट. घरात जे काय शोधसत्र झालं! हळद आधी संशयात, कारण सुट्या हळदीला पिवळा चढावा म्हणून लेड क्रोमेट घालतात हे बायकोने कुठेतरी पाहिलेलं, मग कल्हईचं पातेलं माळ्यावर गेलं, मग जुन्या दाराचा ऑइल पेंट, मग देवघरातलं सिंदूर. प्रत्येकाची टेस्ट करायची तर दिवाळं. डॉक्टर म्हणाले वस्तू राहू द्या, तुम्हा दोघांचं रक्त द्या. माझं ३ आलं, बायकोचं २.६. एकच हळद, एकच पातेलं, एकच दार, आणि आई ४७, म्हणजे जे काही आहे ते फक्त आईच्या पोटात जातंय. या आठ महिन्यांत सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच, आमच्या दोघांचे मिळून ३६००.

मग आईने कपाटातून पुडी काढली. गुडघ्यांसाठी, मावशीने कुठल्याशा वैद्याकडून आणलेली, वर ना नाव ना कंपनी, दीड वर्ष दोन वेळा दुधातून चालू. "ती कुठे दवाई आहे, ती तर गुटी आहे." रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-भस्मांच्या शाखेत, नाग म्हणजे शिसं आणि नागभस्म म्हणजे त्याचं भस्म, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. गुटी तपासायला दिली तर शिसं हजारो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत हजारो भाग. निव्वळ वनस्पतींच्या आयुर्वेदिक औषधांना आपल्याकडे मर्यादा १० पीपीएमची आहे. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, च्यवनप्राश आजही घरात आहे, पण बिनलेबलची पुडी नाही म्हणजे नाही.

पुडी बंद केली आणि दीड महिन्याने दुसरं सॅम्पल, या वेळी दुसऱ्या लॅबला कारण तिथे डिस्काउंट चालू होता. रिपोर्ट रात्री अकराला मोबाईलवर आला: ३१०. भिया, हातपाय गार. ४७ चे ३१०! आईला उठवणार होतो, बायको म्हणाली आधी शेजारचं युनिट वाच. पहिल्या लॅबचं मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर, हिचं पर लिटर, दहाने भागायचं, म्हणजे ३१. कमी झालेलं होतं. पन्नास-शंभर रुपये वाचवायला गेलो आणि एक रात्र गेली, पुढच्या दोन्ही टेस्ट पहिल्याच लॅबला केल्या.

साडेचार महिन्यांनी २४, परवा १९. मला वाटलेलं सरळ उतरत जाईल, पण रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं आणि हाडांत मुरलेलं असतं ते वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात सोडत राहतं, म्हणून हा आकडा आता रेंगाळणार. शिसं बाहेर काढायच्या गोळ्या डॉक्टरांनी अजून दिल्या नाहीत, पोट थांबलंय आणि आकडा उतरतोय तर बघू म्हणाले. लोह मात्र चालू केलं, लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं.

मोठ्या पॅकेजबद्दल सांगतो. धाकट्या भावाने घाबरून वीस-बावीस धातूंचं प्रोफाइल केलं, युरिनमध्ये आर्सेनिक जास्त. साहेब तीन दिवसांपूर्वी रत्नागिरीला सासुरवाडीत सुरमई-बांगडा हाणून आलेले. मासळीत आर्सेनिकचं जे रूप असतं ते निरुपद्रवी, पण टोटल आर्सेनिकच्या टेस्टला ते वेगळं कळत नाही, चार-पाच दिवस मासे बंद ठेवून परत केली तर नॉर्मल. केसांची टेस्ट पण सुचवली होती कोणीतरी, आईच्या केसांना दर महिन्याला मेंदी, काय निघणार त्यातून. आणि आधी धातू बाहेर काढायची गोळी देऊन मग लघवी तपासणारे डिटॉक्सवाले असतात, त्यांच्याकडे जाऊ नका, त्या गोळीने कोणाचाही आकडा वर जातो आणि तुलना करतात बिनगोळीच्या रेंजशी.

पाचवी टेस्ट गणपतीनंतर. आईचं पोट ठीक आहे, रविवारी दोन प्लेट पोहे खाते, पण गुडघे परत धरलेत आणि परवा जिना चढताना मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, पुडी होती तेव्हा हे नव्हतं.