कौलारू घर आणि वानरं: वर जाळी घालावी की पत्रा?

कौलं फोडणाऱ्या वानरांना पळवायला फटाके, बुजगावणी, आरसे सगळं करून झालं असेल तर कोकणातल्या जुन्या घराला दोनच पर्याय उरतात: कौलांवर जाळी, नाहीतर कौलांवर पत्रा. संगमेश्वरकडच्या आमच्या घरावर मी आधी जाळी घातली, मग पत्रा.

जाळी स्वस्त पडते आणि घराचं रूप तसंच राहतं. मात्र ती कौलांपासून वीतभर वर, पाइपच्या सांगाड्यावर ताणलेली हवी. नाहीतर १०-१५ किलोच्या वानराची उडी जाळीसकट कौलावरच येते. आमची नीट ताणलेली होती; दोन वर्षांत वानरांनी एकही कौल फोडलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पण पातेरा! घरावर फणस आहे. पानं जाळीत अडकतात, कुजतात आणि चुरा होऊन कौलांच्या पन्हळीत बसतात. मे महिन्यात घर शाकारताना पूर्वी झाडू फिरवला की झालं. आता आधी तारा सोडा, जाळी गुंडाळा, मग कौलांना हात लावा. त्यासाठी गडी मिळत नाहीत, आणि गावी आई एकटी. जुलैमधल्या एका रात्री पाणी तुंबलं आणि कौलाखालून थेट तिच्या खाटेवर आलं. मी माळ्यावर चढून दोन कौलं सरकवली, हात बाहेर घातला. चहाच्या चोथ्यासारखा काळा थर मुठीत आला, पण वर जाळी, फेकायचा कुठे? मूठमूठ करून बादलीत भरत बसलो.

पुढच्या मेमध्ये पत्रा घातला. कौलं काढली नाहीत. नुसत्या पत्र्याखाली वैशाखात भाजतं आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. खाली कौलं असली की दोन्ही बरंच सुसह्य होतं. वानर उडी मारतं तेव्हा आई अजून दचकते, पण पातेरा पावसाबरोबर घसरून जातो. पत्रा आणि कौलांमधल्या फटी दोन्ही टोकांना बारीक जाळीने बंद करा, नाहीतर कांडेचोर (उदमांजर) तिथेच बिऱ्हाड करतो.

खर्च जास्त आहे. समुद्राजवळ घर असेल तर वाऱ्याचाही विचार हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते आठवा. घराजवळ मोठं झाड नसेल, तर जाळी पुरेशी होईल असं मला वाटतं. आमचा फणस आईने लावलेला, तो तोडायचा प्रश्नच नव्हता.

काढलेली जाळी परसातल्या भाजीवर घातली आहे. तिथे ती चांगली चालते.