आयकिया: शोरूम उत्तम, पण खरी परीक्षा घरच्या फरशीवर

ग्राहकाच्या लक्षात राहणारी दुकानं म्हटली की आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं नाव हमखास निघतं, आणि कौतुक होतं ते सजवलेल्या खोल्यांचं. खोल्या छानच असतात. पण या दुकानाबद्दलचं मत पक्कं होतं ते घरी गेल्यावर, खोकं फोडून फरशीवर बसल्यानंतर. इथलं फर्निचर बहुतेक सुट्या भागांत मिळतं आणि ते आपणच जोडायचं असतं, त्यामुळे या परीक्षणात निम्मी जागा जोडणीला दिली आहे.

आधी दुकान. जमिनीवरचे बाण पाहत गेलात की क्रमाने सजवलेल्या खोल्या, छोट्या वस्तूंचा विभाग, उंच रॅकचं गोदाम आणि शेवटी बिलाचे काउंटर लागतात. खोल्यांमध्ये सोफ्यावर बसा, खण उघडा, कपाटाची दारं दहा वेळा लावून बघा, कुणी हटकत नाही. प्रत्येक वस्तूला लावलेल्या चिठ्ठीवर लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये असते आणि मोजायला एक मीटरची कागदी टेप फुकट मिळते. या टेपइतकी स्वस्त आणि उपयोगी युक्ती दुसऱ्या दुकानांना अजून का सुचत नाही, कोण जाणे. घरची भिंत, दार आणि लिफ्टची मापं मात्र आधीच लिहून न्या. भल्यामोठ्या हॉलमध्ये प्रत्येक कपाट लहानच दिसतं.

कंटाळा येतो तो वाटेचा. एकच वस्तू घ्यायची असली तरी सगळी प्रदक्षिणा घडते. विभागांच्या मधून जवळचे रस्ते असतात, नकाशावर ते दाखवलेलेही असतात, पण भिंतीतलं ते दार चालता चालता नजरेतून सुटतं. दुकानाची ही चूक नकळत झालेली वाटत नाही.

गोदामाची पद्धत मुळात एका फजितीतून आली. 1965 साली स्टॉकहोमजवळच्या कुंगेन्स कुर्वा इथलं दुकान उघडलं तेव्हा गर्दी इतकी उसळली की माल काढून द्यायला माणसं पुरेनात. शेवटी गोदामच लोकांना खुलं केलं. सपाट खोक्यातलं फर्निचर 1956 पासून होतंच, त्यामुळे माल स्वतः उचलून नेणं शक्य झालं. आजही चिठ्ठीवर रांगेचा आणि कप्प्याचा नंबर असतो, तो टिपून किंवा फोटो काढून गोदामात जायचं. लोक फसतात ते इथे. मोठं कपाट बहुतेक वेळा दोन-तीन खोक्यांत विभागलेलं असतं, एक खोकं रॅकवरच राहतं आणि ते कळतं घरी. चिठ्ठीवर खोक्यांची संख्या असते, ती वाचूनच ट्रॉली हलवा. रंगही खोक्यावरच्या आठ अंकी नंबरावरून ताडून घ्या, कारण पांढरं आणि काळं कपाट बाहेरून सारख्याच पुठ्ठ्यात असतं. माल शिल्लक आहे का ते निघण्यापूर्वी वेबसाइटवर पाहावं, नाहीतर कप्पा रिकामा आणि दिवस वाया.

आता जोडणी. स्वतः जोडलेल्या वस्तूचं माणसाला जास्त मोल वाटतं, याला संशोधकांनी ‘आयकिया इफेक्ट’ असंच नाव दिलंय. नॉर्टन, मोचोन आणि एरिअली यांचा त्यावरचा निबंध 2012 मध्ये छापून आला. त्यातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: काम अर्धवट राहिलं की हे जास्तीचं मोल उरत नाही. म्हणजे एक स्क्रू कमी पडला, तर शोरूमने कमावलेलं सगळं तिथेच गेलं.

म्हणून सुरुवात मोजणीने करा. जोडणीच्या पुस्तिकेत शब्द जवळजवळ नसतात, चित्रंच असतात, पण पहिल्या पानांवर प्रत्येक सुट्या भागाची संख्या दिलेली असते. छोटे भाग वाटीत काढून मोजा. फळीची कच्ची, म्हणजे वरचा थर न लावलेली कडा कुठल्या बाजूला आहे हे चित्रात बारकाईने बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या लक्षात येतात सातव्या-आठव्या पायरीला. कॅम लॉक, म्हणजे बोल्टचं डोकं पकडून दोन फळ्या आवळणारी गोल चकती, बसवताना त्यावरच्या बाणाचं टोक बोल्ट जिथून आत येतो त्या कडेकडे हवं. बोल्ट आत गेल्यावर लॉक साधारण अर्धा फेरा फिरवायचं आणि थांबायचं. पार्टिकल बोर्ड भुसा दाबून केलेला असतो, जास्त पिळलं की भोक सैल होतं आणि मग कितीही आवळा, पकड येत नाही. इलेक्ट्रिक ड्रिल वापरायचंच असेल तर सगळ्यात कमी जोरावर. पाठीचा पातळ हार्डबोर्ड ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील तर कपाट तिरकं आहे आणि दारं कधीच नीट मिटणार नाहीत.

शेवटची पायरी म्हणजे कपाट पुढे कलंडू नये म्हणून ते पट्टीने भिंतीला जखडणं. ती बरेच जण गाळतात. भिंतीचे प्रकार वेगवेगळे असल्याने भिंतीतले स्क्रू खोक्यात नसतात, ते वेगळे आणावे लागतात, आणि काम तिथेच अडून राहतं. जून 2016 मध्ये, कपाटं अंगावर पडून मुलांचे जीव गेल्यानंतर, कंपनीला एकट्या अमेरिकेत सुमारे 2.9 कोटी ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली. इतकं महत्त्वाचं काम ग्राहकाच्या भरवशावर सोडलंय, हा या सेवेतला सगळ्यात कच्चा दुवा.

सगळ्यात पक्का दुवा सुट्या भागांचा. एखादा बोल्ट कमी निघाला तर पुस्तिकेत त्याच्या चित्राशेजारी सहसा सहा अंकी नंबर असतो. तो दिला की छोटे भाग बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात, अख्खं कपाट परत न्यावं लागत नाही. पुस्तिका टाकून देऊ नका. घर बदलताना कपाट उकलायला तीच उलट्या क्रमाने वाचायची असते.