रिक्सअर्किवेट, म्हणजे स्वीडनचा सरकारी दफ्तरखाना: घरबसल्या वापरून बघितला त्याचा रिव्ह्यू

लेक मिनियापोलिसला असते. जावई तिकडचाच. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या एवढंच सांगत आलेत की खापरपणजोबा स्वीडनहून आले आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले. कुठल्या गावचे, आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नाही. मागच्या दिवाळीला दोघं शहापूरला आमच्या घरी आले होते तेव्हा मी आमची वंशावळ काढून दाखवली, नऊ पिढ्यांची, तर तो बघतच राहिला. हे कुणी लिहून ठेवलं म्हणून विचारायला लागला. मी हेळव्यांचं सांगितलं. सुगी झाली की हेळवी यायचे, सोप्यात बसून आमच्या घराण्याची नावं घडाघडा म्हणायचे, नवीन जन्मलेल्या पोरांची नावं वहीत चढवून घ्यायचे आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जायचे. तो म्हणाला, बाबा, आमच्याकडं असं कुणी नाही. मला ते लागून राहिलं. रिटायर माणूस, मोडी वाचता येते, जुन्या कागदांची आवड, म्हटलं बघूया तरी.

नाव इथं टाकत नाही, समजा जॉन्सन धरा.

पहिली दोन महिने मी चुकीच्या ठिकाणी घालवली. पैसे भरायच्या एका साईटवर (नाव नको) फ्री ट्रायल घेतली, तिथं कुणीतरी तयार केलेली वंशावळीची झाडं असतात, त्यात आमचा जॉन्सन आईबापासकट मिळाला आणि आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवलं होतं. नंतर बघतो तर त्या झाडातल्या माणसाचं लग्न स्वीडनमध्ये झालेलं, त्याच वर्षी आमचा माणूस मिनेसोटाच्या पलटणीत हजर. सारखंच नाव, सारखंच वय, माणूस वेगळा. त्यात कार्डावरून पुढच्या महिन्याचे पैसेही कापले गेले. दुसऱ्याचं झाड उतरवून घेऊ नका, मूळ कागद बघितल्याशिवाय एक नावही लिहू नका, हे मी तिथं शिकलो.

आता मुद्द्याचं. स्वीडनमध्ये तेव्हा आडनावं नव्हती बहुतेक लोकांना. बापाचं नाव योन्स असेल तर पोरगा योन्सन, पोरगी योन्सदोत्तर. योन्सनचा पोरगा अँडर्स असेल तर त्याची पोरं अँडर्सन. दर पिढीला बदल. १९०१ च्या कायद्यानंतर कायमचं आडनाव आलं. आणि सैन्यातली भानगड आणखी वेगळी, तिथं गावातल्या काही शेतांनी मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला घर आणि जमिनीचा तुकडा द्यायचा अशी पद्धत होती, आणि एकाच तुकडीत दहा अँडर्सन नकोत म्हणून शिपायाला छोटं नाव द्यायचे, रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धाडसी, स्वेर्द म्हणजे तलवार. त्यामुळं सख्खे भाऊ, एक योन्सन आणि एक रास्क, असं होऊ शकतं. नावावरून शोधायला गेलात की हरवलात. आमच्याकडं निपाणीकर, खानापूरकर म्हटलं की निदान गाव तरी कळतं, तिकडं तेही नाही.

म्हणून आधी गाव पाहिजे, म्हणजे त्यांचं पॅरिश, चर्चची हद्द. आणि ते स्वीडनच्या नाही, अमेरिकेच्या कागदात शोधायचं.

लष्करी कागदात वय, उंची, डोळ्यांचा रंग सगळं होतं आणि जन्मठिकाण म्हणून एकच शब्द, स्वीडन. एवढा मोठा देश! खरं पलटणीचं नाव मिळालं, तिसरी मिनेसोटा, डी कंपनी. ही कंपनी हान्स मॅटसन नावाच्या स्वीडिश माणसानं १८६१ मध्ये आपल्याच लोकांची उभी केली होती. हा मॅटसन स्कोने भागातल्या ओनेस्तादचा, मिनेसोटात गुडह्यू काउंटीत वासा नावाची स्वीडिश वसाहत त्यानंच वसवली. जुलै १८६२ ला टेनेसीतल्या मर्फ्रीसबोरोत या पलटणीला शरण जावं लागलं, पुढच्या वर्षी सप्टेंबरात हीच पलटण लिटल रॉक शहर घेताना होती. मॅटसन पुढं त्या पलटणीचा कर्नल झाला, आणि १८८१ ते १८८३ कलकत्त्याला अमेरिकेचा कॉन्सुल जनरल होता! हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले, मी बायकोला उठवून सांगितलं.

मग लक्षात आलं, कंपनी गावच्या माणसांची, तर माणूसही त्याच वसाहतीतला असणार. स्वीडिश लुथरन चर्चच्या सभासद वहीत प्रत्येकाची जन्मतारीख, स्वीडनमधलं गाव आणि तिथून कधी निघाला हे लिहायचे. अशा वह्यांच्या फिल्म इलिनॉयला रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजातल्या स्वेन्सन सेंटरमध्ये आहेत. जावयानं तिकडून चौकशी केली आणि एका ओळीत आम्हाला पाहिजे ते सगळं आलं. क्रिस्तियानस्तादच्या बाजूचं एक पॅरिश, आणि जन्मतारीख.

तिथून पुढं रिक्सअर्किवेट. आणि तिथून पुढं फक्त तीन संध्याकाळी लागल्या.

२०१८ च्या फेब्रुवारीपासून त्यांची स्कॅन केलेली पानं सगळ्या जगाला फुकट आहेत. कार्ड मागत नाहीत. चर्चच्या वह्या, पलटणीच्या हजेऱ्या, कोर्टाचे कागद, सगळं. पॅरिशचं नाव टाकायचं, वह्यांची यादी उघडते, सी अक्षराच्या वह्या जन्माच्या, एफ मृत्यूच्या, आणि एआय अशी खूण असलेल्या म्हणजे हूसफोरहोर, घरोघरच्या तपासणीच्या वह्या, ती खरी सोन्याची खाण. १६८६ च्या चर्च कायद्यापासून पाद्र्याला वह्या ठेवायचं बंधन होतं. तो दरवर्षी घरोघरची माणसं बोलावून त्यांना वाचता येतं का, धर्माचे पाठ येतात का हे तपासायचा आणि घरवार लिहायचा. शेतमजूर असो नाहीतर मोलकरीण, प्रत्येकाला एक ओळ. जन्म, लग्न, देवी काढल्या का, वाचन कसं, कुठून आला, कुठं गेला. आमच्याकडं बघा, जमिनीचा उतारा शंभर वर्षांचा मिळेल, खरं ज्याला जमीन नव्हती त्याचं नाव कुठल्या दफ्तरात शोधायचं?

ते पान मी तुम्हाला सांगतो. मोठं आडवं पान, कडा तपकिरी झालेल्या. वर शेताचं नाव. खाली बाप योन्स, व्यवसाय द्रेंग म्हणजे सालगडी. त्याखाली आई. मग पोरं पाच. तिसऱ्या ओळीत आमचा माणूस, जन्मतारीख अमेरिकेच्या चर्चमधल्या वहीशी दिवसासकट जुळणारी. आणि त्याच्या नावावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढलेली. पहिल्यांदा मी दचकलो, म्हटलं वारला की काय. नंतर कळलं, माणूस गाव सोडून गेला तरी अशीच रेघ मारतात. उजवीकडं शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात, उत्तर अमेरिका. बस्स, एवढंच. आईच्या ओळीवर रेघ नव्हती, ती अजून त्याच घरात.

व्हिडिओ कॉलवर जावयाला ते पान दाखवलं. त्यांच्याकडं सकाळ, आमच्याकडं रात्र. तो काही बोललाच नाही बराच वेळ, मग म्हणाला ते आईचं नाव परत एकदा वाचा.

आता अडचणी, म्हणजे तुम्ही लागलात तर फसू नये म्हणून. बहुतेक वह्यांत नाव टाईप करून शोधता येत नाही, पान पान उलटायचं (काही जनगणना मात्र नावानं शोधता येतात, १८८० आणि १९०० च्या त्यातल्याच). अक्षर जुनं, पाद्र्यापाद्र्याचं वेगळं, आणि शब्द तोडून लिहिलेले. मोडी शिकताना जे करायचो तेच केलं, आधी माहीत असलेली नावं आणि महिने घेऊन त्या पाद्र्याची बाराखडी कागदावर उतरवली, मग बाकीचं आपोआप सुटत गेलं. स्वीडिश येत नसलं तरी चालतं, रकान्यांचे वीस-पंचवीस शब्द पाठ केले की भागतं. फार मागं गेलात तर तारखा जपून लिहा, १७१२ साली स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी होता, खरोखर होता, आणि आताचं कॅलेंडर तिथं १७५३ ला आलं. मोबाईलवर अजिबात बघू नका, लॅपटॉप घ्या. आणि प्रत्येक पानाला स्वतःचा एक नंबर असतो तो लगेच वहीत टिपून ठेवा, मी एक पान तसंच सोडलं आणि परत शोधायला अख्खा रविवार गेला.

माझ्याकडून पाचपैकी पाच. जुन्या कागदाचा ज्याला नाद आहे त्याला हे दफ्तर म्हणजे पंगतच आहे.

आमच्या घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं एक पदक आहे, कडेवर नंबर, नाव आणि मराठा पलटण कोरलेली. ते बसऱ्याहून परत आले एवढं आजी सांगायची. जावई आता म्हणतोय बाबा, त्यांचं मी शोधतो, तुम्ही फक्त त्या पदकाच्या कडेचे चारी बाजूंनी फोटो पाठवा. काल उन्हात धरून काढले, नंबरातला शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते काही केल्या कळत नाही, उद्या सराफाकडं जाऊन भिंगातून बघणार आहे.