गुगल सोडायचं का? आधी शोधताय काय ते सांगा

मिक्सर घ्यायचा होता म्हणून ‘७५० वॅटचा चांगला मिक्सर’ असं गुगलवर टाकलं. वरच्या सात-आठ पानांवर तीच दहा मॉडेलं, कंपनीचेच फोटो आणि ‘फायदे-तोटे’च्या त्याच चौकटी. एकाही लिहिणाऱ्याने त्यात कधी ओलं खोबरं वाटून पाहिलंय असं वाटेना. वैतागून तोच प्रश्न डकडकगो या दुसऱ्या शोधयंत्राला (सर्च इंजिनाला) विचारला. पानं थोडी वेगळी आली, माल तोच.

यात नवल नाही. डकडकगोचे नेहमीचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, स्टार्टपेज या आणखी एका इंजिनाचे मुख्यतः गुगलकडून. पाटी दुसरी, गोदाम तेच. आणि बिंगचं गोदाम गुगलपेक्षा वेगळं असलं तरी एसईओवाल्याची (पान शोधात वर यावं म्हणून खटपट करणाऱ्याची) मेहनत दोन्हीकडे कामी येते: शीर्षकात नेमके शब्द, दर दोन परिच्छेदांनंतर उपशीर्षक, इकडून तिकडून जमवलेल्या बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका. म्हणून ‘गुगल बिघडलं, दुसरं काही सुचवा’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, शोधताय काय?

खरेदीसाठी शोधत असाल तर इंजिन बदलून फारसं काही हाती लागणार नाही. जर्मनीतल्या लायपझिग आणि वायमारच्या संशोधकांनी वर्षभर ७,३९२ खरेदीविषयक शोध गुगल (स्टार्टपेजमार्फत), बिंग आणि डकडकगोवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिले. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. वर येणारी पानं सरासरीने जास्त एसईओ केलेली आणि ॲफिलिएट लिंकांनी (ज्यांवरून खरेदी झाली की लिहिणाऱ्याला दलाली मिळते) जास्त भरलेली होती, त्यातला मजकूर मात्र कमी दर्जाचा वाटत होता. वेबवरच्या एकूण परीक्षणांपैकी ॲफिलिएट लिंका थोड्यांमध्येच असतात, पण निकालांत बहुसंख्य तीच. तिन्ही इंजिनांना हा त्रास होता, त्यातल्या त्यात गुगल जरा बरं. मी शेवटी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, कुठल्या कंपनीचे कपलर सर्वांत जास्त बदलावे लागतात. पाच मिनिटांत काम झालं.

गुगल हातावर हात धरून बसलंय असंही नाही. क्रमवारीच्या पद्धतीतल्या २०११ च्या ‘पांडा’ बदलाने उथळ मजकुराचे कारखाने खाली गेले, २०१२ च्या पेंग्विनने विकतच्या लिंका. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर आणि नावाजलेल्या संकेतस्थळाचा कोपरा परक्या मजकुराला देऊन त्याच्या पुण्याईवर वर चढणं, या दोन्हींवर नियम आले. पण प्रत्येक वेळी एसईओवाले नवी वाट काढतात. उंदीर-मांजराचा खेळ आहे, आणि उंदरांचं पोट त्यावरच चालतं.

मराठीतल्या शोधाची गोष्ट निराळी. इथे माझ्या अनुभवात गुगलच पुढे आहे. बाकीच्यांकडे मराठी पानं कमी पडतात आणि मग हिंदी निकाल घुसतात. पण गुगलवरही ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत’ हा प्रकार सुटत नाही. तीनशे शब्द प्रस्तावना, मग व्याख्या, शेवटी ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’, आणि ज्यासाठी आलो ते एका ओळीत. ‘सातबारा ऑनलाइन’ शोधून बघा: महाभूमीच्या सरकारी पोर्टलभोवती ‘सातबारा कसा काढावा, संपूर्ण माहिती’वाल्यांची ही रांग. यावरचा उपाय इंजिनात नाही, शोधण्याच्या पद्धतीत आहे. इंग्रजीत ‘साइट’ लिहा, लगेच कोलन, मग जागा न सोडता मराठी विश्वकोशाचा पत्ता, पुढे तुमचा शब्द; मग शोध फक्त तिथेच होतो. शब्दांचे जुने अर्थ हवे असतील तर गुगलला मध्ये घेऊच नका. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, थेट तिथे जा.

इंग्रजीत खोलात शिरणारं वाचन असेल तेव्हा मात्र पर्यायांत खरा फरक दिसतो. ब्रेव्ह या शोधयंत्राचा स्वतःचा इंडेक्स, म्हणजे स्वतः गोळा केलेली पानांची सूची आहे, ते फुकट आहे, आणि ‘गॉगल्स’ नावाच्या सोयीने क्रमवारीचे नियम आपल्याला बदलता येतात. थोडी खटपट करावी लागते. मार्जिनालिया हे एका स्वीडिश माणसाचं छोटं इंजिन. त्यावर मिक्सर सापडणार नाही, पण कुणीतरी हौसेने लिहिलेली, जाहिरातीविना पडून असलेली पानं सापडतात. मला ते जुन्या पुस्तकांच्या दुकानासारखं वाटतं: हवं ते मिळत नाही, नको होतं ते घेऊन येतो.

कागी या शोधयंत्राला पैसे मोजावे लागतात: महिना ५ डॉलरला ३०० शोध, १० डॉलरला हवे तितके. तेही काही निकाल इतरांकडूनच घेतं, पण जाहिराती आणि वाचकावर पाळत ठेवणारे ट्रॅकर खच्चून भरलेली पानं खाली ढकलतं, आणि एखादं संकेतस्थळ आपल्यापुरतं कायमचं बंद करू देतं. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच. पंधरा-वीस नावं बंद केली की निकाल इतके सुधारतात की ओळखू येत नाहीत. जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच, असं गुगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात स्वतःच लिहून ठेवलं होतं. कागीचं गिऱ्हाईक शोधणारा आहे, एवढाच मुद्दा.

तरी दिवसातून चार शोध, तेही ट्रेनची वेळ आणि हवामान, असे असतील तर पैसे घालू नका. गुगल ठेवा, आणि वरचा एआय सारांश नको असेल तर मे २०२४ पासून आलेला ‘वेब’ टॅब दाबा. एसईओचा कचरा त्याने जात नाही, फक्त गर्दी कमी होते. कामासाठी दिवसभर इंग्रजीत शोधत असाल तर कागीचे पहिले शंभर शोध फुकट असतात. ते मिक्सरवर उडवू नका. गेल्या महिन्यात ज्या प्रश्नांवर गुगलने दमवलं, तेच पुन्हा विचारून बघा.